समजलं ना?



वर्गात शिक्षकाच्या तोंडून दिवसातून सर्वांत जास्त वेळा निघणारा शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, ‘समजलं?’ आणि त्याचे ठरलेले उत्तर, ‘हो सर!’ तेही एका सुरात. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत सव्वीस वर्षे मी हा प्रश्न विचारला, हे उत्तर ऐकले आणि पुढचे पान उलटले. ते उत्तर खरे नसते हे मला फार लवकर कळले होते. तरीही पाने उलटत राहिलो. रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनाही हे ओळखीचे वाटेल.

सातवीत एक मुलगा होता. दुसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटू लागत. मी त्याला दोनतीनदा उभे केले. एकदा तर ‘रात्री नाटक पाहाले गेलता का रे?’ असे विचारून वर्गाकडून हशाही मिळवला. पुढे त्याची आई बाजारात भेटली तेव्हा खरे कळले. हरभऱ्याचे ओलित चालू होते. पंपाला वीज मध्यरात्रीनंतर येई आणि हा बापासोबत पाणी वळवायला जाई. मला खूण दिसली होती, अर्थ मात्र मी माझ्या सोयीचा लावला होता.

मग मी गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर नेला. खिचडी खाऊन अर्धा वर्ग पेंगू लागला! एकाची सोय ती चाळीसांची गैरसोय. शेवटी त्याची मोटारच गणितात आणली: तासाला इतके लिटर, तर चार तासांत किती? मुले खुलली, तोही जागा राहिला. मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी तो हळूच येऊन म्हणाला, ‘सर, आमच्या मोटारीचं नका सांगत जाऊ.’ पोरे त्याला चिडवू लागली होती. मुलाचे लक्ष मिळवण्यासाठी त्याच्या घरातले किती उचलून फळ्यावर मांडायचे, याचा विचार मी केलाच नव्हता. त्यानंतर मोटार राहिली, पण ती कुणाचीच नव्हती.

शिक्षकाचे कर्तव्य नक्की कोणते? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे चोविसावे कलम शिक्षकावर दोन जबाबदाऱ्या अगदी शेजारी शेजारी टाकते. संपूर्ण अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करायचा, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तसे जादा शिकवायचे. कागदावर दोन्ही छान नांदतात. वर्गात मात्र रोज त्यांचे भांडण असते आणि निवाडा शिक्षकाला एकट्यालाच करावा लागतो. अभ्यासक्रम राहिला तर वरचे विचारतात. मूल राहिले तर कोण विचारते?

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचे जुने नाते आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्या विचारांना आराखड्याचे रूप दिले: सात वर्षे मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी एखादा हस्तोद्योग. 1938 मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने हे शिक्षण प्रत्यक्षात उतरवले. याबद्दल बोलताना आपण बहुधा स्वावलंबनावर बोलतो. मला मात्र टकळीचा वेगळाच गुण दिसतो. मुलाचे चित्त उडाले, हात चुकला, की सूत तुटते. ते त्यालाही दिसते आणि गुरुजींनाही. 640 तारांची गुंडी मोजताना गणित कुठे अडले तेही लपत नाही. खडू-फळ्याच्या वर्गात मुलाचा धागा तुटला तरी ते तसेच समोर बघत बसते आणि आपण बोलत राहतो.

अर्थात टकळी हा काही मंत्र नव्हे. मुलांच्या कमाईवर शाळा चालवणे योग्य का, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो मला आजही रास्त वाटतो. शिवाय ही योजना सरकारी शाळांत गेली तेव्हा बऱ्याच ठिकाणी सूतकताई हा वेळापत्रकातला आणखी एक तास होऊन बसला. दारावर ‘जीवन शिक्षण’ अशी पाटी आणि आत तेच घोकणे! मुलाकडे पाहायचेच नसेल तर कोणतीही पद्धत चालते. सेवाग्रामात 2005 पासून ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू आहे आणि तिथे शेती, स्वयंपाक, कताई यांतून शिकवले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे.

मुलांच्या कलाने घेतले तर ती लाडावतील, असे काही पालक म्हणतात. मनोरंजन आणि दखल यांत ते गल्लत करतात असे मला वाटते. वर्ग हसवता येतो आणि तरीही मागच्या बाकावरच्या मुलाकडे दिवसभर पाहिलेले नसते. घरी कोलामी बोलणारे मूल पहिलीत महिनोन्महिने गप्प बसते. त्याला विनोद नको असतो. आपली भाषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे आपल्या ध्यानात यायला हवे असते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ‘समजलं?’ विचारणे सोडले. तास संपताना कोरा कागद द्यायचो: आज गैरहजर असलेल्या मित्राला काय सांगशील, ते दोन ओळींत लिही. पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा कागद पाहून मी चमकलो. माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारी ती मुलगी. तिच्याकडे पाहूनच मी पुढे सरकत असे. कागदावर नाव, तारीख, सुबक समास आणि खाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कागद कुणाला न दाखवता मी तिच्याजवळ बसलो. ‘कुठपासून समजत नाही, बेटा?’ ती म्हणाली, ‘दिवाळीपासून.’ तेव्हा फेब्रुवारी चालू होता. दिवाळीनंतर पंधरा दिवस ती आईसोबत कापूस वेचायला गेली होती. हजेरीपटावर तिची गैरहजेरी माझ्याच अक्षरात होती.

आम्ही अपूर्णांकांपासून पुन्हा सुरुवात केली. तिच्यासोबत आणखी नऊ जण निघाले. त्या वर्षी शेवटचे दोन धडे राहिले आणि तपासणीच्या वेळी मी तसे लिहून दिले.