पाठीमागच्या निऱ्या

स्कॉटलंडांतील डोंगराळ मुलखाचा जो पोषाख किल्ट या नांवानें जगभर ओळखला जातो, त्याच्या निऱ्या रेखीव कशा ठेवाव्या हा प्रश्न निबंधाचा विषय होण्याइतका भारदस्त आहे असें पुष्कळ वाचकांस वाटणार नाहीं. तो शिंप्याचा आणि परिटाचा प्रश्न आहे असें ते म्हणतील. परंतु या वस्त्राच्या रचनेंत एक विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्यामुळें हा प्रश्न आमच्या मतें नीतिशास्त्राच्या अंगणांत येऊन उभा राहतो. किल्टचा पुढचा भाग सपाट असतो. साऱ्या निऱ्या पाठीमागें असतात. म्हणजे ज्यानें त्या जपावयाच्या त्याला त्या दिसत नाहींत, आणि ज्यांना दिसतात त्यांच्यावर जपण्याची जबाबदारी नसते.

पुऱ्या मापाच्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागतें; आपल्या नऊवारीहून अवघें एक वार कमी. मात्र नऊवारीच्या निऱ्या रोज घालावयाच्या व रोज सोडावयाच्या. किल्टच्या निऱ्या कमरेपासून कुल्ल्यापर्यंत शिंपी कायमच्या शिवून टाकतो. त्याखालीं त्या मोकळ्या असतात, आणि सारी काळजी या मोकळ्या भागाची. लोकर मोठी आज्ञाधारक, पण तितकीच विसराळू. ओलावा व उष्णता मिळाली कीं तिच्या तंतूंतील सूक्ष्म बंध सुटतात, आणि सुकतांना, निवतांना ती ज्या घडींत असेल त्या घडींत ते पुन्हां जुळतात. इस्त्रीनें निरी बसते ती यामुळें. पावसांत भिजून तासभर कशीहि बैठक मारली कीं मोडते तीहि यामुळेंच. म्हणून जाणता मनुष्य प्रथम एकेक निरी सैल धावदोऱ्यानें टांचून घेतो, वर ओलसर फडकें पसरतो, इस्त्री न घासतां दाबून उचलतो, आणि कापड पुरतें निवाल्यावरच दोरे काढतो. एरवीं तो किल्ट कमरेकडून चिमटे लावून टांगतो. प्रवासांत निऱ्या आडव्या मोडूं नयेत अशी त्याची उभी गुंडाळी करतो. हें सर्व करूनहि जो बसण्यापूर्वी हात मागें नेऊन निऱ्या खालीं सारून घेत नाहीं, त्याची सकाळची इस्त्री दुपारपर्यंत फुकट जाते.

ज्या स्कॉटलंडचें हें वस्त्र, तेथीलच ॲडम स्मिथ. अर्थशास्त्राचा प्रणेता म्हणून आपण त्याला ओळखतों. परंतु त्याचा पहिला मोठा ग्रंथ नीतिमीमांसेचा असून तो १७५९ सालीं प्रसिद्ध झाला. आपलें वर्तन आपणांस नीट दिसत नाहीं, म्हणून मनुष्य आपल्या अंतरांत एक निःपक्षपाती प्रेक्षक बसवितो व त्याच्या डोळ्यांनीं स्वतःकडे पाहतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. स्तुति हवी असणें निराळें व स्तुतीस पात्र असावेंसें वाटणें निराळें, हा भेदहि त्यानें केला. (गंमत अशी कीं, तो ग्रंथ निघाला तेव्हां हा पोषाख करणें डोंगराळ मुलखांत गुन्हा होता. बंडाची शिक्षा म्हणून १७४६ सालीं झालेला तो कायदा १७८२ पर्यंत टिकला. सूट होती ती सरकारी पलटणींना!) बसतांना मागें जाणारा हात आम्हांस या प्रेक्षकाचा हात वाटतो. टापटिपीला सरसकट दंभ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेंच विचारूं कीं, घरांत दुसरें कोणी नसतांहि तो हात मागें जातो, तेव्हां दंभ कोणापुढें चालला आहे?

येथवर निऱ्यांचा पक्ष घेणें सोपें होतें. पुढें तें अवघड होतें.

१८२२ सालीं चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला. समारंभाची सारी मांडणी सर वॉल्टर स्कॉटची होती, आणि राजेसाहेब स्वतः किल्ट नेसून, पायांत गुलाबी तंग मोजे चढवून दरबारांत उभे राहिले. कालपर्यंत रानटी ठरलेला पोषाख एका आठवड्यांत राष्ट्राचा झाला. त्याच सुमारास सदर्लंडमध्यें काय चाललें होतें? स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यांतील कुळांना मेंढ्यांसाठीं कुरणें हवींत म्हणून १८१४ व १८१९ सालीं घरांतून हुसकावून लावण्यांत आलें. निऱ्यांना दरबार मिळाला, आणि त्या ज्यांच्या, त्यांना समुद्रकांठचा खडक! राजाच्या निऱ्या निर्दोष असतील. त्या बसविणारे हात मात्र राजाचे नव्हते. ज्या निऱ्यांसाठीं मनुष्याचा स्वतःचा हात कधीं मागें गेला नाहीं, त्यांवरून त्याच्याबद्दल काय कळतें? परिटाबद्दल कांहीं कळेल.

हें लिहितांना आपल्या घरांकडे पाहिल्यावांचून राहवत नाहीं. आपण पुरुषमंडळी बाहेर ज्या कडक घडीनें वावरतों, ती पुष्कळदां पहांटे दुसऱ्या कोणीतरी घातलेली असते, आणि लोक शिस्त मात्र आपली वाखाणतात. घरांत घडी थोडी चुकली तर कपाळाला आठी घालणाराहि बहुधा तोच असतो, ज्यानें इस्त्री कधीं हातीं धरली नाहीं.

पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १८ या वर्षांत, स्कॉटिश पलटणी किल्ट नेसूनच फ्रान्सच्या खंदकांत उतरल्या. वर खाकी आवरण असे, पण निऱ्या तशाच. चिखलानें त्या शिशासारख्या जड होत. थंडीत कडा गोठून मांड्या कापीत. आंत उवा होत, कारण उवांना निरीइतकें उबदार घर कोठें मिळणार? पोषाख ठरविणारे दूर कचेरींत होते. इकडे खंदकांत विसांवा मिळाला कीं शिपाई किल्ट उलटा करून मांडीवर घेई, आणि पेटती मेणबत्ती एकेका निरीच्या शिवणीवरून सावकाश फिरवी.