पौषातला हौद

आमच्या जठारपेठेतल्या घराच्या मागच्या अंगणात एक हौद आहे. आजोबांनी बांधलेला, चार फूट खोल, निम्मा जमिनीत आणि निम्मा वर. अकोल्यात नळ रोज येत नाही. महानच्या धरणातून काटेपूर्णेचं पाणी शहरात येतं, आणि एकदा आलं की पुढच्या पाळीपर्यंत ते साठवून ठेवावं लागतं. साठवलेलं पाणी म्हणजे डास, डास म्हणजे डेंग्यू. म्हणून कधीतरी आरोग्य खात्याचा एक माणूस येऊन हौदात ओंजळभर गप्पी मासे सोडून गेला. पुढे गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या आल्या, हौदाचं पाणी फक्त झाडांपुरतं उरलं, पण मासे राहिले. लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून येऊन दीड वर्ष घरून काम केलं. तेव्हा कंटाळून चार गोल्डफिश आणले आणि त्यातच सोडले.

अकोला म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो. ते बरोबरच आहे. पण इथली थंडी कोणी मोजत नाही याचं मला वाईट वाटतं. १८८७ सालच्या फेब्रुवारीत या शहरात २.२ अंशांची नोंद झाली होती. आता तेवढं होत नाही, पण पौषात उत्तरेकडून लाट आली की पारा दहाच्या खाली उतरतो, सातव चौकात शेकोट्या दिसतात आणि आमचे वडील माकडटोपी घालून फिरतात.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सुट्टीवर घरी आलो होतो. सकाळी हौदात डोकावलो तर गप्पी एका कोपऱ्यात दाटीवाटीने थिजल्यासारखे होते आणि चारही गोल्डफिश तळाशी. हलत नव्हते. टिचकी वाजवली, खाणं टाकलं, तरी वर आले नाहीत. आजी उन्हात बसली होती. ती म्हणाली, "निजले असतीन बाबू. हात नको लावू."

मी हात लावला. बंब तापलेलाच होता. दोन बादल्या कढत पाणी हौदात ओतलं. गरम पाणी हलकं, ते वरच तरंगत राहणार, हे मला माहीत होतं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय. म्हणून बांबू घेऊन हौद ढवळला, सगळीकडे सारखं तापमान व्हावं म्हणून. मग आणखी थोडं खाणं टाकलं, अशक्तपणा आला असेल तर जावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा गप्पी वर तरंगत होते आणि एक गोल्डफिश आडवा झाला होता.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याच्या घरामागे छोटं तळं आहे आणि हिवाळ्यात त्यावर बर्फाची लादी धरते. त्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला. मग त्यानं त्याच्याकडची रीत सांगितली. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की तो खाणं पूर्ण बंद करतो, ते थेट वसंतात सुरू. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड असतं. पाणी थंडावलं की त्याचं हृदय, त्याचं पचन, सगळं मंदावतं. तेव्हा घातलेला घास धड पचतही नाही, आणि न खाल्लेला पाण्यात सडतो. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून बर्फ वर राहतो आणि तळाशी चार अंशांचं पाणी टिकतं. मासे त्या थरात पडून असतात. तो पंप बंद करतो, कारण पंपाने तो थर मोडतो. बर्फावर कधी हातोडा घालायचा नाही, धक्का पाण्यातून माशांपर्यंत जातो. खाली साचलेला वायू निघून जावा म्हणून एका जागी गरम भांडं टेकवून छिद्र पाडायचं, एवढंच. "चार महिने काहीच करायचं नसतं," तो म्हणाला, "आणि तेच सगळ्यात कठीण आहे."

नंतर मी वाचत सुटलो. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प हे हिवाळ्याच्या बाबतीत अजब प्राणी आहेत. बर्फाखाली ऑक्सिजन संपला की तुम्हीआम्ही काही मिनिटांत संपू. हे मासे मात्र शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करतात आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. हे कसं होतं त्याचा उलगडा ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये केला. क्रुशियन कार्पच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडू शकतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. म्हणजे माझे गोल्डफिश अकोल्याच्या थंडीला मुळीच भीत नव्हते. ते खरोखर निजले होते. मी त्यांना बांबूने उठवलं.

गप्पींचं तसं नाही. ते मूळचे त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेचे, उबेत वाढलेले. चौदा-पंधरा अंशांच्या पाण्यात त्यांतले काही तसेही गेले असते. किती, ते सांगता येत नाही. आमच्या कामात अर्ध्या लोकांना जुना कोड द्यायचा, अर्ध्यांना नवा, आणि फरक मोजायचा. इथे दुसरा हौद नव्हता. अकरांपैकी किती थंडीने मेले आणि किती माझ्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही.

पण काय चुकलं ते कळलं. गरम पाण्याचा धक्का होताच, पण त्याहून वाईट होतं ते ढवळणं. हौदाच्या तळाशी बदामाच्या झाडाची पानं कुजून वीतभर गाळ झाला होता. तो तसाच पडून असता तर कदाचित निभावलं असतं. मी तो उठवून सगळ्या पाण्यात पसरवला. आणि तो गाळ तिथे का होता? दिवाळीत घरी आलो होतो तेव्हा आजीने सांगितलं होतं की हौद उपसून घे. मी हो म्हणालो होतो. तेवढ्यात कंपनीचं एक रिलीज अडकलं आणि मी लॅपटॉप घेऊन बसलो, मग परत पुण्याला गेलो.

माझा हेतू चांगला होता, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खोटं नव्हतं ते. माणसाचा दोष त्याच्या हेतूवर ठरवायचा की परिणामावर, हा जुना वाद आहे आणि दोन्हीकडे माझ्याहून पुष्कळ शहाणी माणसं आहेत. पण त्या सकाळचं मला जे आठवतं, त्यात मासे फारसे नाहीत. त्यात मी आहे. घाबरलेला, बादल्या उचलणारा, काहीतरी करतो आहे म्हणून थोडा बरं वाटून घेणारा. दिवाळीत न केलेल्या कामाची भरपाई मी पौषात करत होतो, आणि ती माशांच्या अंगावर करत होतो. माझी काळजी खरी होती, पण ती कोणाची होती याबद्दल मला आता शंका आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा विचार आहे: बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड, म्हणजे विकर्म, मिळालं की त्याचं अकर्म होतं, अशी ती मांडणी. आधी मला हे शब्दांचं कोडं वाटायचं. आता वाटतं की भाऊ जे चार महिने करत नाही, ते अकर्म त्याला फुकट मिळालेलं नाही. तो ऑक्टोबरात पानं काढतो, तळं खोल ठेवतो, पाणी निवायच्या आधी माशांना नीट खाऊ घालतो. मग तो हात काढून घेतो. ज्यानं ऑक्टोबरात काही केलं नाही त्याला डिसेंबरात स्वस्थ बसायचा हक्क आहे का? मला वाटतं, नाही. पण त्याला बादल्या ओतायचा हक्क त्याहून कमी आहे. मग त्यानं करायचं काय, हे मला नीटसं सांगता येत नाही. बहुतेक, त्यानं आजीला विचारायचं.

आणि इथे मासे सोडून दुसरं सांगावं लागतं, कारण त्याच सुट्टीत आजीचं जेवणही कमी झालं होतं. ती ८४ वर्षांची. अर्धी भाकरी, थोडं वरण, रात्री फक्त दूध. मी पुण्याहून येणारा नातू, चार महिन्यांत एकदा उगवणारा. आल्या आल्या प्रोटीन पावडर मागवली, रक्ताच्या तपासण्या केल्या, गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप आईच्या फोनवर टाकलं. तपासण्या ठीक आल्या. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. तरी मी ताटाशेजारी बसून घास मोजत राहिलो. मासे मेल्यावर मात्र एकदम थांबलो. दोन दिवस तिला काहीच आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी आजीनेच विचारलं, "काऊन रे, आता जेव नाही म्हनत?"

मी तिला हौदाचं सगळं सांगितलं, पचन मंदावतं वगैरे. ती ऐकून म्हणाली, "थे मुके हायेत बाबू. मले बोलता येते. भूक लागली त मांगीन."

मी तिला माशांच्या रांगेत बसवलं होतं, हे तिला माझ्याआधी कळलं. जी बोलू शकते तिच्या बाबतीत माशांचा नियम लावून हात काढून घेणं हाही एक प्रकारचा बांबूच. पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला ते गेले. आजीला ते दिवस आठवत असणार. तेव्हा ती चाळिशीत होती, आणि पवनार काही फार लांब नाही. त्याबद्दल तिला काय वाटतं हे मला विचारायचं होतं, म्हणजे खरं तर दुसरंच काही विचारायचं होतं. मी विचारलं नाही. अजूनही नाही.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी रजा टाकून घरी आलो. मासे टपात काढले आणि हौद उपसला. तळातला गाळ घमेल्यांनी जास्वंदीला घातला. पंधरा घमेली निघाला. नवं पाणी दोन दिवस मुरू दिलं आणि मग मासे परत सोडले. गप्पींसाठी अर्ध्या हौदावर जुना पत्रा टाकला, रात्रीचा गारठा थेट पाण्यावर उतरू नये म्हणून. आजी खुर्चीवरून सूचना देत होती आणि त्यातल्या अर्ध्या चुकीच्या होत्या. पण त्या वेळी मी बोललो नाही.

हौदात सेन्सर लावायचा विचार आला होता. पाण्याचं तापमान पुण्यात मोबाईलवर दिसेल, दहाच्या खाली गेलं की अलर्ट येईल. सामान सात-आठशे रुपयांचं, एका रविवारचं काम. पण अलर्ट आल्यावर पुण्यात बसून मी काय करणार होतो? आईला फोन करणार, आई बंब पेटवणार. सामान अजून खोक्यातच आहे.

त्याऐवजी जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा आजीला फोन केला. तिने आधी विचारलं, पुण्यात किती थंडी आहे. मग पुतण्याच्या लग्नाचं सांगितलं, तुरीच्या भावाचं सांगितलं. माशांचं मी विचारलं तेव्हा म्हणाली, सकाळी पत्रा सरकवून पाहिलं, सगळे खाली आहेत, हलत नाहीत.

"आणि तू जेवलीस का?"

"पत्रा झाकून आली," ती म्हणाली. "आता बसतो जेवाले."