न बसणारे चाक

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, हे सारे एकत्र म्हणजे रथ काय, आणि यांहून निराळा असा कोणी रथ आहे काय. आणि राजा प्रत्येक वेळी नकार देत गेल्यावर असे ठरते की 'रथ' हे या अवयवांच्या आधाराने चालणारे केवळ व्यवहारातील नाव आहे. नैयायिकांचे मत याच्या उलट असून, त्यांच्या लेखी अवयवी, म्हणजे अवयवांपासून घडलेली संपूर्ण वस्तू, हे स्वतंत्र द्रव्य असते आणि ते अवयवांत समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहते. एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, हे न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेले एक कारण. मिलिंदाचा रथ मात्र आधीपासून जुळलेला होता, आणि न बसणारे चाक पुढे करण्याचे राजाला सुचले नाही.

असे चाक चिखलातून आणि दगडधोंड्यांतून जीप हाकणारे हौशी लोक आज मुद्दाम आणतात. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांना २४५/७५ आर १६ या मापाचे टायर असतात, म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. त्यांच्या जागी २८५/७५ आर १६ चढवले की चाकाचा व्यास सुमारे ७७४ वरून ८३४ मिलिमीटरवर जातो आणि आस या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम ३० मिलिमीटर, वर उचलली जाते. एवढ्या लाभासाठी किती उस्तवार! स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायरचा खांदा मडगार्डच्या अस्तराला घासू लागतो, म्हणून उंच स्प्रिंगांचे लिफ्ट किट येते. गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे सांधे लवकर झिजतात. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापत असल्यामुळे काटा १०० दाखवत असताना खरा वेग १०८ च्या आसपास असतो आणि चढावर इंजिन दमते, म्हणून डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन बदलावे लागते. आणि मागच्या दारावर टांगलेली जड स्टेपनी बिजागऱ्यांवर ताण आणते.

अवयवीचा खरा पुरावा या तक्रारींत आहे. ओढण्याच्या युक्तिवादाने भाग एकमेकांना चिकटलेले आहेत एवढेच सिद्ध होते, आणि ही अडचण न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनाही दिसली होती. उलट एका भागाचे माप बदलताच दुसऱ्या टोकाचा दात, सांधा किंवा बिजागरी अपुरी ठरते, यावरून दिसते की प्रत्येक अवयव इतरांकडून विशिष्ट मापाची अपेक्षा करीत होता आणि गाडी म्हणजे या अपेक्षांचा मेळ होता. नागसेनांच्या यादीत भागांची नावे आहेत, मापे नाहीत.

बौद्ध पक्ष यावर निरुत्तर होत नाही. अभिधम्मातील 'पट्ठान' या ग्रंथात प्रत्ययांचे, म्हणजे एका गोष्टीला दुसरीचा आधार मिळण्याच्या रीतींचे, २४ प्रकार सांगितले असून त्यांत अञ्ञमञ्ञपच्चय हा परस्परांनी परस्परांना सावरण्याचा प्रकार आहे; मापांचा मेळ त्याच धर्तीवर समजावता येतो आणि त्यासाठी वेगळे द्रव्य मानावे लागत नाही. या मुद्द्यावर बौद्धांची बाजू वरचढ वाटते, मात्र 'केवळ नाव' हा शब्दप्रयोग त्यांना मागे घ्यावा लागेल, कारण नाव मडगार्डला घासत नाही.

मग बदललेली गाडी तीच म्हणायची काय? नैयायिकांप्रमाणेच अवयवी मानणाऱ्या वैशेषिकांच्या मते वस्त्रातून एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे, ज्याला ते खंडपट म्हणतात, उत्पन्न होते. त्या हिशेबाने गॅरेजमध्ये दर तासाला एक जीप मरते आणि दुसरी जन्मते. कायदा इतका सूक्ष्म विचार करीत नाही. चासी नंबर तोच तर गाडी तीच, पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही असे ठरविले, म्हणजे गाडीचे खरे माप एकच आणि ते कारखान्याचे, असे मानले. तत्त्वतः हे मत टिकत नाही. स्प्रिंग, क्राऊन-पिनियन आणि वेगकाट्याची जुळणी नव्या टायरांनुसार झाल्यावर मालकाने कारखान्याचे टायर परत बसवले, तर त्याच वेगाला इंजिन अधिक फेरे घेते, काटा वेग वाढवून दाखवतो आणि उंचावलेल्या मडगार्डखाली ते टायर तोकडे दिसतात. त्या जीपला आता न बसणारी चाके तीच असतात.