कणगी आणि शेजार

अडीअडचणीसाठी घरात चार दाणे राखून ठेवावेत, या उपदेशाविरुद्ध बोलणारा मनुष्य आपल्या समाजात सहसा आढळावयाचा नाही. काटकसर, दूरदृष्टी आणि स्वावलंबन हे तीनही गुण त्यात एकवटले आहेत असे आपण समजतो. आणि मुंगी व नाकतोडा यांची गोष्ट लहानपणीच कानी पडल्यामुळे या समजुतीस बालबोध पुस्तकाचे पावित्र्यही लाभलेले आहे. त्या गोष्टीचा शेवट मात्र कोणी फारसा तपासून पाहत नाही. मुंगीने धान्य साठविले यात तिचे शहाणपण दिसते, हे खरे. परंतु दारी आलेल्या भुकेल्या जीवास तिने जे उत्तर दिले ते शहाणपणाचे की निव्वळ कोडगेपणाचे, हा प्रश्न वर्गात विचारणारा शिक्षक विरळा. माझ्या मते संचयाच्या नीतीचा सगळा प्रश्न तेथेच आहे. किती साठवावे हा हिशेबाचा भाग झाला. साठविलेले कोणत्या अटीवर बाहेर यावे, हा धर्माचा भाग होय.

आमच्या नगर जिल्ह्यात (2024 पासून याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) हा प्रश्न केवळ वादविवादाचा कधीच नव्हता. पश्चिमेकडील अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यावर पाऊस धो धो कोसळतो. परंतु सह्याद्री ओलांडून ढग पारनेर, कर्जत, जामखेडकडे येईपर्यंत त्यांची झोळी बव्हंशी रिकामी झालेली असते. अशा मुलखातील जुनी घरे म्हणजे साठवणीची शाळाच. कुडाची वा बांबूची विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली कणगी, भिंतीच्या पोटात ठेवलेले बळद, माजघरातील उतरंड, राखेत घोळलेली कडधान्ये, धान्यात पसरलेला कडुनिंबाचा पाला, उन्हाळ्यात खाटांवर वाळणारे सांडगे आणि कुरडया, हे सर्व पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले होते. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, ज्वारी पुष्कळ दिवस टिकते. तेव्हा आधी काय खावे आणि मागे काय ठेवावे हेही ठरलेले असे. पेवाची गोष्ट तर आणखी विशेष. कोरड्या, घट्ट जमिनीत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा खणून, आत काडाचे अस्तर देऊन ज्वारी भरीत आणि तोंड दगडमातीने बंद करीत. असे धान्य काही वर्षे टिके. पेव उघडल्यावर त्यात लगेच कोणी उतरत नसे, कारण आतील कोंडलेल्या दूषित हवेने माणसे गुदमरून मरत. आधी दिवा सोडून पाहावयाचा; तो विझला तर थांबावयाचे. आज ‘अमक्याचे पेव फुटले’ असे लिहिणाऱ्या पुष्कळांनी पेव पाहिलेले नसते, पण तो भाषेचा नेहमीचाच खेळ आहे.

आता कोणी म्हणेल की, एवढी विद्या असताना 1876 ते 1878 च्या दुष्काळात याच दख्खनच्या पठारावर माणसे अन्नावाचून का मेली? साठविण्याची अक्कल नव्हती म्हणून नव्हे. सरकारचा सारा रोख पैशांत भरावयाचा आणि साहूकाराचे व्याज वाढतच राहावयाचे, अशा स्थितीत खळ्यावर रास पडली की ती कणगीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिला वाटा फुटत. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला तो लवकरच नगर जिल्ह्यातही पसरला, आणि शेतकऱ्यांनी अनेक ठिकाणी साहूकारांची कर्जखते हस्तगत करून जाळली. त्यांचा रोख दप्तरावर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लावण्यात आला. परंतु तत्पूर्वीच दुष्काळ येऊन गेला होता. ज्याची रास खळ्यावरूनच जाते त्यास दूरदृष्टीचा उपदेश करणे म्हणजे पाय बांधलेल्यास चालण्याचे फायदे समजावून सांगणे होय.

आणि तसा उपदेश झालाही. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल हे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून दुष्काळी भागात आले. 1874 साली बिहारात त्यांनी सढळ हाताने धान्य आणविले म्हणून त्यांच्यावर उधळेपणाची टीका झाली होती. या खेपेस त्यांनी कामावरील पुरुषास रोजचे एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरे ठरविली. लोकांस सरकारी अन्नाची चटक लागू नये, हा त्यामागील विचार. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ही मजुरी नाकारून काम सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. स्वावलंबनासारखा सुंदर शब्द पोट भरलेल्याच्या तोंडून उपाशी माणसास ऐकविला गेला की त्याचे काय रूप होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या शास्त्रकारांची दृष्टी याहून अगदी निराळी. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार दिले आहेत : कोठार भरेल इतके धान्य बाळगणारा, एक कुंभ भरेल इतके बाळगणारा, तीन दिवसांपुरते बाळगणारा, आणि उद्याचेही न ठेवणारा, यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. ही विरक्ती मला मोहविते हे मी नाकारीत नाही. तथापि, उद्याचे न ठेवणारा हा श्रेष्ठ पुरुष उद्या जेवतो कोणाच्या घरी? कोठारवाल्याच्याच. सगळेच चौथ्या पायरीवर चढले तर पहिल्या अवर्षणात सगळेच आडवे होतील. तेव्हा अपरिग्रह हे व्यक्तीचे भूषण असू शकेल. समाजाचे धोरण मात्र तो होऊ शकत नाही. कोणाच्या तरी घरी कणगी भरलेली असलीच पाहिजे.

पण कणगी भरली की सत्ता येते. बायबलमधील योसेफाची कथा याच कारणासाठी पुन्हा वाचण्याजोगी आहे. सात सुबत्तेच्या वर्षांत धान्य साठवून त्याने मिसर देश सात दुष्काळी वर्षांतून तारला, एवढे आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्याच कथेत पुढे असे आहे की, भुकेल्या लोकांनी त्या धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी, आणि अखेर स्वतःस फारोचे दास म्हणून लिहून दिले. माणसे जगली, पण मोकळी राहिली नाहीत. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे कोठार लोकांस लुटू दिल्याची कथा आहे. तिच्यात इतिहास किती व भक्ती किती हे इतिहासकारांनी पाहावे. लोकांनी मात्र ती शतकानुशतके जपली आहे, आणि कोठाराच्या कुलपावर लोकांचा विश्वास कितपत होता हे त्यावरून समजते.

घराची कणगी कितीही मोठी असली तरी तिला एक मर्यादा आहे : तिच्यात पाणी राहत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात माणसे वाचली ती मुख्यतः खडी फोडून आणि बंधारे घालून मिळालेल्या मजुरीवर, आणि बाहेरून आणलेल्या मिलो ज्वारीवर. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख लोक अशा कामांवर होते. रोजगार हमीची कल्पना याच काळात रुजली. पुढे नगर तालुक्यातील हिवरे बाजारने याच विचाराचा दुसरा धडा घातला. तेथे दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यावयाची हे गाव मिळून ठरविते. शेतीसाठी विंधणविहीर खणावयाची नाही, उसाच्या मागे लागावयाचे नाही, हे निर्बंध सर्वांस सारखे. तेथे कोणा एकाची दूरदृष्टी शेजाऱ्याची विहीर आटवीत नाही. शहरातील आमच्या गृहनिर्माण संस्थांत तीनशे फुटांवर पाणी न लागले तर पाचशे फुटांपर्यंत जाण्याची जी ‘तयारी’ दिसते तिच्याशी हे ताडून पाहावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचा जो साठा केला, त्याबद्दल त्यांस 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली. बियाणे नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करावयाचे, अशी त्यांची अट. साहूकाराच्या दिढीहूनही हे व्याज जबर, असे एखादा अर्थशास्त्रज्ञ म्हणेल. पण खाल्लेला दाणा संपतो आणि पेरलेला दाणा एकाचे अनेक होतो. शिवाय परत आलेले माप पुढल्या शेतकऱ्याच्या शेतात जाते. दिढीत देणारा वर चढतो व घेणारा खाली उतरतो. येथे घेणारा पुढल्या हंगामात देणाराच झालेला असतो.

हे सर्व मध्यमवर्गीय घरास कितपत लागू आहे, असे विचारले जाईल. नगरात चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू व ज्वारी भरण्याची चाल अद्याप पुष्कळ घरांत आहे. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांची कोठी भरलेली होती त्यांस ते दिवस कंटाळ्याचे गेले. रोजच्या रोज आणून खाणाऱ्यास ते कसे गेले हे सांगावयास नको. भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना धान्य शिधापत्रिकेवर मिळते, पण तूरडाळ व तेल त्या पाव-अर्धा किलोने घेतात आणि म्हणून आपल्याहून महाग घेतात. एकंदर हिशेब पाहिला तर साठविणे ही ऐपतच आहे, आणि ऐपतीस आपण सद्गुण म्हणून मिरवितो.

आमच्या परिचयाच्या एका गृहिणीने दोन वर्षांपूर्वी सुगीत डाळ घेतली ती दोन घरांची घेतली. कामावरच्या बाईंच्या वाट्याचे पैसे खरेदीच्या भावानेच, दहा महिन्यांत घ्यावयाचे ठरले. पावती दोघींनी पाहिली. माझे एक सहकारी म्हणाले, हा धर्मादाय झाला. दुसरे म्हणाले, नोकर बांधून ठेवण्याची ही नवी युक्ती आहे. मला दोघांचेही पटले नाही. पण दुसऱ्याच्या बोलण्यात दम होता, कारण बाईंच्या खोलीत ओल येते म्हणून सगळी डाळ या गृहिणीच्याच कोठीत होती, आणि मागण्यासाठी बाईंना दरवेळी तिच्यापुढे उभे राहावे लागे. ही गोष्ट अखेर बाईंनीच बोलून दाखविली. यंदा आधी घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे घेतले, आणि डाळ बाजारातून थेट त्यांच्या खोलीवर गेली.