पाहणारा कर्ता असतो का?

छायाचित्रांच्या संग्रहालयात हल्ली प्रेक्षकाला सतत काहीतरी करायला लावतात. बटण दाबा, पडद्यावर बोट फिरवा, जुन्या चित्रात आपला चेहरा बसवा. हात गुंतले की मनही गुंतते, असे यामागचे गृहीत. छायाचित्राच्या बाबतीत मला ते उलटे वाटते, कारण हे माध्यम जन्माला आले तेच माणसाच्या कर्तेपणाला धक्का देत. १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांना समोरचे दृश्य रेखाटणे जमेना, तेव्हा प्रकाशानेच ते कागदावर उमटवून ठेवावे, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे त्यांनी आपल्या छायाचित्रांच्या पुस्तकाला ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे नाव दिले. चित्र काढणार निसर्ग, माणूस नुसता पाहणार. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिकेतला पुरुष, म्हणजे चैतन्य, साक्षी आहे, द्रष्टा आहे आणि अकर्ता आहे. घडामोड सारी प्रकृतीची. छायाचित्राची गोडी लावणाऱ्या दालनाने म्हणूनच आधी प्रेक्षकाचे कर्तेपण थोडा वेळ काढून घ्यावे.

याचा जुना नमुना एडिंबरात आहे. १८९२ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी तिथला ‘आउटलुक टॉवर’ हाती घेतला. मनोऱ्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा आधीपासूनच होता: छतातला आरसा आणि भिंग बाहेरचे शहर अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या मेजावर आणून टाकत. माणसे चालतात, धूर वर चढतो, ढग सरकतात, आणि यातले काहीच पाहणाऱ्याच्या हातात नसते. गेडिस लोकांना भराभर जिने चढवून थेट माथ्यावर नेत, मग मजल्यामजल्याने खाली उतरवत शहरापासून जगापर्यंतची दालने दाखवत. वर त्यांनी एक छोटी रिकामी खोलीही राखली होती. तिच्यात एकच खुर्ची. पाहिलेले मनात मुरू द्यायचे, एवढाच तिचा उपयोग. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या नगररचनेची चर्चा आपल्याकडे होते, त्या खुर्चीची फारशी होत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. छायाचित्राला कर्ता नसतो, ही सोयीची भ्रांती आहे आणि तिचा गैरवापरही झाला आहे. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या आठ खंडांत इथल्या जातीजमातींची छायाचित्रे आहेत. प्रकाश निःपक्षपाती असेल. पण कोणाला कॅमेऱ्यासमोर आणायचे आणि खाली कोणते वर्णन छापायचे, हे राज्यकर्त्यांनी ठरवले. आक्षेप मला मान्य आहे. सांख्यांनीही नुसत्या साक्षीवर भागवले नाही; पाहणारा पांगळा आणि चालणारा आंधळा, दोघांना एकमेकांची गरज, असा दृष्टान्त त्यांनी दिला. प्रश्न क्रमाचा आहे. मेजावरचे अखंड, वाहते दृश्य पुरेसे पाहून झाल्यावर प्रेक्षकाच्या हाती पुठ्ठ्याची एक चौकट द्यावी आणि एकदाच निवडायला सांगावे. मग चौकटीत काय आले यापेक्षा काय बाहेर राहिले, ते त्याला बोचेल. आधी साक्षी झालेल्यालाच निवडीची जबाबदारी कळते. पहिल्या क्षणापासून बटण हाती असलेल्याला निवड हा आपला हक्क वाटतो.

कोणी म्हणेल, आजच्या मुलांना हे कंटाळवाणे वाटेल. पण एडिंबरातला तो कॅमेरा ऑब्स्क्युरा आजही चालतो, आणि मेजावर चालणाऱ्या माणसांना कागदाच्या कपट्यावर ‘उचलून’ घेण्यात तिथे मोठ्यांनाही मजा येते. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही इथे आठवतो. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या; मात्र एखादाच भाग झूम करून टिपला, तेव्हा स्मृती तशी घसरली नाही. एका प्रयोगावर इमले बांधू नयेत, पण दोष कॅमेऱ्याचा नसून अवधानाच्या अभावाचा आहे, एवढे त्यातून दिसते. नवे दालन उभारणाऱ्यांनी निविदेत पडद्यांची संख्या लिहिण्याआधी एक अंधारी खोली, एक भिंग, एक आरसा आणि एक खुर्ची लिहावी.