नाव आणि नाद

कमी किमतीच्या बेस गिटारवर एखाद्या जाणत्या कारागिराने हात फिरवला, तिचे पिकअप बदलले, ब्रिज बदलला, चांगल्या तारा चढवल्या आणि मग ती नामांकित कंपनीच्या महागड्या बेस गिटारशेजारी ठेवून दोन्ही वाजवून पाहिल्या, तर कोणती सरस ठरेल? गायनवृंदातील तरुण मंडळींत हा वाद नेहमी रंगतो. वरवर पाहता तो वाद्यांचा वाद आहे. परंतु थोडे खोलात शिरल्यास त्यात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आढळतो. एखाद्या गोष्टीला आपण चांगली म्हणतो, ते ऐकून म्हणतो की नाव वाचून?

प्रथम वाद्याकडे पाहू. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. दांडीवर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो, हे त्या नावातच सुचवलेले आहे. या वाद्याचे अंग भरीव लाकडाचे असते. तार पोलादी असते. ती चुंबकाजवळ थरथरते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात विजेचे स्पंदन उमटते आणि ते ॲम्प्लिफायरमधून ध्वनी होऊन बाहेर पडते. म्हणून स्वस्त वाद्यात सुधारणेला मोठा वाव असतो. पिकअप बदलले की आवाजाचा पोत बदलतो. आतील पोकळीला तांब्याचा पत्रा लावला की बाहेरून शिरणारी घरघर कमी होते. पडदे एका पातळीत घासले की तार खडखडत नाही. १९८२ पासून फेंडर कंपनीनेच ‘स्क्वायर’ या दुसऱ्या नावाने आपल्याच आराखड्यांची वाद्ये काढली व पुढे ते नाव तिच्या स्वस्त वाद्यांचे म्हणून रूढ झाले. एका घराची ही दोन नावे. पण एक उच्चारताना आपला स्वर उंचावतो व दुसरे उच्चारताना खाली येतो.

निसर्ग मात्र नावे वाचीत नाही. ताम्हिणी घाटाच्या वाटेवरील माले या मुळशी तालुक्यातील गावी सह्याद्रीचा पाऊस कोसळू लागला म्हणजे हवेतील ओल प्रत्येक लाकडात शिरते. दांडी किंचित वाकते, तारा पडद्यांपासून दूर जातात किंवा त्यांना टेकू लागतात. दांडीच्या आतील पोलादी सळई फिरवून ती पुन्हा सरळ करावी लागते. महाग वाद्याचीही या कामातून सुटका नाही. निगा राखलेले साधे वाद्य आणि हयगय झालेले उंची वाद्य यांची गाठ अशा गावी पडली, तर निकाल किमतीवर लागेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आता कानाकडे वळू. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. लहान ध्वनिक्षेपकातून इतका खर्जातला नाद पुरेसा बाहेर पडतच नाही. तरीही तो आपल्याला ऐकू येतो, कारण त्याच तारेतून निघणारे वरचे उपस्वर ऐकून मन मूळ सूर स्वतःच भरून काढते. ही मनाची मोठी देणगी आहे. परंतु हेच मन नाव दिसताच तिथे नसलेला गोडवाही भरून काढते. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ वादकांना सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांपैकी तीन नवी होती, दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचे. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे होते. जुन्या लाकडाचा वासही कळू नये म्हणून प्रत्येक वाद्यावर अत्तराचा थेंब लावला होता. घरी न्यावयास कोणते आवडेल, असे विचारता २१ पैकी १३ जणांनी नवे व्हायोलिन निवडले आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला.

आपल्या महाराष्ट्रालाही हे सत्य अपरिचित नाही. मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात सतार व तंबोरे घडवू लागले. पंढरपूर परिसरातील भोपळ्यांना त्यांनी आवाज दिला. २०२४ साली तेथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा कितीही देखणा असो, घोडीचा माथा कानसेने हलके घासून जवारी नीट काढली नाही, तर तो मुका राहतो. आणि जवारी जमली की जुनापुराणा तंबोराही गाऊ लागतो. तिथे किंमत करावयाची ती त्या हाताची व त्या कानाची.

मग महाग वाद्य घेणारा मूर्खच म्हणावयाचा काय? तसे म्हणणे हाही अन्यायच होईल. उत्तम कंपनीच्या वाद्यात एकेका नगाची काळजीपूर्वक तपासणी, सुरात टिकणाऱ्या खुंट्या आणि वर्षानुवर्षांचा भरवसा यांचे मोल असते. शिवाय स्वस्त वाद्य सुधारणाऱ्याचे मनही निःपक्षपाती नसते. ज्याने पुष्कळ पैसे मोजले त्याला ते सार्थकी लागलेले ऐकावयाचे असते; ज्याने वाचवले त्याला आपली चतुराई ऐकावयाची असते. दोघेही हितसंबंध असलेले साक्षीदार आहेत. म्हणून तुलना करावयाची तर तारा सारख्या असाव्यात, वादक एक असावा, ॲम्प्लिफायर एक असावा आणि आवाजाची पातळीही एक असावी, कारण किंचित मोठा वाजणारा आवाज कानाला उगाचच अधिक चांगला वाटतो. मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याची पाठ वाद्याकडे असावी. न पाहण्याची ही शिस्त म्हणजे आपल्याच लोभापासून आपल्या निर्णयाचे रक्षण होय.

यातून आणखी एक अवघड प्रश्न उभा राहतो. आवाज जर सारखाच निघत असेल, तर सुधारलेल्या स्वस्त वाद्यावर नामांकित कंपनीच्या नावाची पट्टी चिकटवली, तर बिघडले काय? ऐकणाऱ्याचे काहीच हिरावले जात नाही, असा युक्तिवाद कोणी करील. आमच्या मते बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. नाद स्वतःविषयीच सांगतो. नाव मात्र ते काम कोणाच्या हातून झाले याची साक्ष देते. खोटी पट्टी लावणारा एकाच वेळी दोघांशी खोटेपणा करतो. ज्या कंपनीने ते काम केले नाही तिला तो श्रेय देतो, आणि दूरच्या कारखान्यात ज्या अनाम कामगाराने ते लाकूड कापले, पडदे बसवले, त्याच्या श्रमावर तो पडदा टाकतो. त्याहून खेदाची गोष्ट ही की, आपल्या वाद्याचा नाद खरा आहे यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो.

गायनवृंदासाठी वाद्य घेण्याची वेळ कोणत्याही धर्मग्रामात येते. देणगीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामाचा असतो, हे तेव्हा ध्यानात ठेवावे. दोन्ही वाद्ये पडद्याआड वाजवून पाहावीत. फरक खरोखर ऐकू आला, तर जादा पैसे आनंदाने मोजावेत. न ऐकू आल्यास स्वस्त वाद्य तिच्या स्वतःच्या नावासह उजळ माथ्याने मंदिरात न्यावे आणि वाचलेल्या पैशांतून ते वाजवणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची सोय करावी. कारण तार कोणत्याही किमतीची असो, तिला बोलते करणारे बोट तालीम मागते.