आधी पाहणी, मग आखणी

रस्ते-प्रकल्पांच्या अहवालांत एक वाक्य हमखास भेटते: ‘प्रकल्पालगत एकही संरक्षित स्मारक नाही.’ तेवढ्यावर पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले, असे मानले जाते. शेतांतून कोणी फिरलेले नसते, फक्त यादी चाळलेली असते. मला हा सर्वेक्षण या कल्पनेचाच गैरवापर वाटतो.

मध्य प्रदेशातल्या उकवा, बैहर, बालाघाट या मुलखात हा गैरवापर विशेष घातक आहे. मँगनीजसाठी इथली जमीन शंभरएक वर्षे तपासली गेली. इतिहासाच्या खुणा मात्र योगायोगानेच हाती आल्या. याच बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियात 1870 मध्ये गुरे राखणाऱ्या पोरांना तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पत्रे सापडले. तांब्याचेच वजन 829 पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटल. जिल्ह्यातल्याच तिरोडीला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला आणि पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशींनी तो वाचला. सापडण्याच्या आदल्या दिवशी यांतले काहीच कुठल्या यादीत नव्हते.

यादीची सवय जुनी आहे. कर्झनच्या काळातला 1904 चा स्मारक-संरक्षण कायदा, मग 1958 चा, आणि 2010 च्या दुरुस्तीने पक्की केलेली 100 मीटर प्रतिबंधित व त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्राची चौकट. हे सारे घोषित स्मारकांभोवतीचे संरक्षण आहे आणि ते हवेच. पण केंद्राच्या यादीत देशभरची स्थळे सुमारे 3,700. एवढ्या मोठ्या देशाचा भूतकाळ त्यांत कसा मावेल?

‘बांधकामाआधी सर्वेक्षण’ म्हटले की आपल्याकडे नागार्जुनकोंड्याचे उदाहरण दिले जाते. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्यात 1954 ते 1960 या काळात पुरातत्त्वज्ञ आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या. ते काम थोरच होते. पण त्यातून काढला जाणारा धडा मला चुकीचा वाटतो. ते खोरे 1926 मध्येच उजेडात आले होते. लाँगहर्स्ट आणि रामचंद्रन या पुरातत्त्वज्ञांनी तिथे आधी खणलेही होते. वाचवण्यासारखे काय आहे हे ठाऊक होते म्हणून वाचवायला माणसे धावली. शिवाय धरण होणार हे गृहीत धरूनच पुरातत्त्वज्ञांना मुदत मिळाली. ही बचावमोहीम होती. अज्ञात स्थळ शोधणे आणि त्यानुसार बांधकामाची जागा बदलणे हे तिचे काम नव्हतेच.

खरा बदल नंतरचा आहे. अमेरिकेच्या 1966 च्या वारसा-संरक्षण कायद्याने केंद्रीय पैसा मंजूर होण्याआधीच वारशावरील परिणाम विचारात घेणे बंधनकारक केले. ब्रिटनने 1990 मध्ये आणि युरोपने 1992 च्या व्हॅलेटा करारात हाच विचार नियोजनात आणला. पुरातत्त्वज्ञाचा प्रश्नच बदलला: ‘काय वाचवू?’ ऐवजी ‘रस्ता कुठून न्यावा?’ आपण मात्र बचावालाच सर्वेक्षण समजत राहिलो आणि प्रसिद्ध स्थळ नसेल तिथे बचावाचीही गरज नाही, असे ठरवून टाकले.

मग खरे सर्वेक्षण कसे करावे? भात कापणीनंतर रान उघडे पडते. तेव्हा आखणीचे पर्यायी मार्ग पायी तुडवावेत. खापरे, राख, पांढरीची (जुन्या वस्तीची) माती, दगडांची वर्तुळे नोंदवावीत. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारावे. भरावासाठी मुरूम जिथून उचलणार त्या जागाही पाहाव्यात, कारण जुनी टेकाडे रस्त्याखाली जातात तशी मुरमासाठीही खणली जातात. अहवाल लोकांसमोर ठेवावा. खोदाई चालू असताना जाणकार माणूस जागेवर असावा आणि काही निघाले तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा.

यामुळे विकास अडेल ही भीती उलटी आहे. कागदावरची रेघ शंभर मीटर सरकवायला फारसा खर्च येत नाही. जेसीबी लागल्यावर काम थांबवणे महाग पडते, म्हणूनच कोणी थांबवत नाही. सर्वेक्षणाची वेळ भूसंपादनाच्या आधीची असली पाहिजे. त्यानंतर केलेली पाहणी ठेकेदाराच्या फाइलीत एका कागदाची भर घालते, बाकी काही नाही.